रबर चढवणारा माणूस

३ मार्च

ती. मामांस, चेंगटचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. वाचून फार बरं वाटलं. इथे हॉटेलच्या खिडकीतून मैदान दिसतं. सध्या त्यावर ताडपत्री घातलीय आणि तिच्यावर साचलेलं पाणी चार माणसं खराट्याने लोटतायत. गुडघा बरा आहे.

मुद्द्याचं म्हणजे, एक बॅट हवी. नेहमीचीच. एक किलो एकशे ऐंशी ग्रॅम, दांडा किंचित अंडाकृती, खालच्या अंगाला भरीव. तिसऱ्या कसोटीच्या आधी मिळाली पाहिजे. कंपनीचे स्टिकर माझ्याकडे आहेत, ते मी लावीन. तुम्ही पातं कोरं ठेवा. नवी बॅट मी सरावाला काढत नाही हे तुम्हाला माहीत आहेच. पेटीतून निघाली की सरळ मैदानात. तुमच्या हातच्या बॅटीला अकरा वर्षांत मला कधी काही करावं लागलं नाही.

मामींनी माझी परवाची चौतीस धावांची खेळी पाहिली का? काय म्हणाल्या?

बस खाली उभी आहे, म्हणून एवढंच. लोभ आहेच, तो काय मागायचा!

तुमचा भाचा,
चेंगट


९ मार्च

चि. भाऊस, ताईचे अ. उ. आ.

तुला फोन करण्यात अर्थ नाही. मी ओरडते, तू काय काय करत बसतोस आणि आमचा अख्खा जिना गोळा होतो. बॅटी ठोकून ठोकून कान घालवलेस, आता भोग. मला मात्र साठी उलटल्यावर पुन्हा शाई-दौत काढायला लावलीस.

वहिनीच्या डोळ्याची पट्टी सुटली का? ऑपरेशन झाल्यावर भांडी घासायला उठली असेल तर तिला माझं नाव सांगून दटाव.

आता जे लिहायचंय ते. चेंगटची टीव्हीवरची मुलाखत तू पाहिली असलीस तर मनावर घेऊ नकोस. त्या बाईंनी तुझ्या दुकानातला जुना फोटो दाखवला आणि हे कोण म्हणून विचारलं. तो गडबडला. कंपनीचा करार आहे ना, बॅटी त्यांच्याच कारखान्यातल्या, असं म्हणावं लागतं त्याला. पण पुढे जे बोलला ते नसता बोलला तर बरं झालं असतं. माझा मुलगा असला तरी मला लाज वाटली, खोटं कशाला सांगू?

तरी तुझ्यापुढे पदर पसरते. तो छत्तीस वर्षांचा आहे. निवड समितीने स्पष्ट सांगितलंय, तिसऱ्या कसोटीत धावा केल्या तर पुढचा दौरा, नाहीतर घरी. नऊ वर्षांचा असताना एकदा बॅट धरली की संध्याकाळपर्यंत जागा सोडायचा नाही, म्हणून तूच त्याला चेंगट म्हणायला लागलास. त्याला अजून थोडं उभं राहू दे. बॅट पाठव.

तू रागावलास तरी मी तुझी मोठी बहीण आहे, हे ध्यानात असू दे.

ताई


१४ मार्च

ती. ताईस, भाऊचा सा. न.

विनंती काही नाही, म्हणून वि. वि. लिहीत नाही.

मुलाखत मी पाहिली. कशी पाहिली ते ऐक. समोरच्या सलूनमध्ये दाढीला बसलो होतो. अर्ध्या गालाला फेस. टीव्हीवर एकदम माझा फोटो! रंधा हातात, मांडीवर बॅट, आणि तुझा लेक माझ्या खांद्याला टेकून उभा. ताई, मी खुर्चीतून उठलो. कान नाहीत, पण डोळे आहेत ना! रस्त्यावरच्या माणसांना आत ओढलं. बघा, भाचा माझं नाव घेतोय म्हणालो. सगळे टीव्हीकडे बघत होते आणि मग एकेक जण माझ्याकडे बघेनासा झाला. मी न्हाव्याला विचारलं, काय म्हणाला? तो बिचारा सांगेना. पिच्छाच पुरवला तेव्हा त्याने वर्तमानपत्राच्या कडेला लिहून दिलं: आमच्या गल्लीतला बॅटींना रबर चढवणारा माणूस. लहानपणी तिथे खेळायला जायचो.

तो कागद मी जपून ठेवलाय.

रबर चढवणारा! दांड्यावर रबर चढवायला दोन मिनिटं लागतात. आणि बाकीचे वीस दिवस? विलोचा ओंडका हाताने फोडायचा, रेषा मोजायच्या, रंध्याखाली ग्रॅम ग्रॅम उतरवायचा. मग तेल. मग ठोकणं, ज्याने माझे कान गेले आणि उजवा खांदा गेला. नवं लाकूड कोवळं असतं. लाकडी हातोडीने तासन्‌तास ठोकून त्याचे धागे दाबून घेतले नाहीत तर वेगवान चेंडूपुढे ते टिकत नाही. हे त्याला नुसतं ऐकून माहीत आहे. त्याने जन्मात हातोडी धरलेली नाही.

आणि तुझ्या वहिनीचं विचारतेस? तिच्या डोळ्याचं ऑपरेशन मी त्याला गेल्या पत्रात पाचव्या ओळीवर कळवलं होतं. त्याने काय विचारावं, तर मामींनी माझी खेळी पाहिली का! तुझा लेक कोणतंही पत्र चार ओळींच्या पुढे वाचत नाही. अकरा वर्षं बघतोय.

तू पदर पसरलास म्हणून बॅट पाठवतो. उत्तम पाठवतो. त्याला एका शब्दाने दुखावणार नाही. पण मीही बघतोच.

तुझ्या वहिनीची पट्टी सुटली. भांडी घासतेय.

भाऊ


२२ मार्च

चि. चेंगट यास, मामाचे अ. उ. आ. वि. वि.

बॅट पाठवली आहे. मागितलीस तशीच, वजनाला ग्रॅमभर इकडे तिकडे नाही. असं लाकूड दहा वर्षांत एकदा हाती लागतं. नऊ रेषा, सगळ्या सरळ.

हे लाकूड मी चार वर्षं माळ्यावर ठेवलं होतं. कोणासाठी, ते मलाच माहीत नव्हतं. तुझं पत्र आलं आणि म्हटलं, काढावं. खालचं अंग भरीव ठेवलंय, पण उचलायला जड वाटणार नाही. डोळे मिटून उचलून बघ.

दुकान तसंच आहे. दाराची बिजागरी अजून कुरकुरते, असं लोक म्हणतात. मला ऐकू येत नाही, तेव्हा माझ्यापुरती ती दुरुस्त झाली. भुशात मांजरीने तीन पिल्लं घातलीत. एक पिल्लू दिवसभर रंध्याच्या बाकावरून हलत नाही, त्याला मी तुझंच नाव ठेवलंय. गिऱ्हाइकं येतात, फोटो बघतात, तू इथे खेळायचास का विचारतात. मी होय म्हणतो. तू म्हणालास तेच सांगतो.

तुला आठवतं का, पहिली बॅट मी तुला दिली तेव्हा तू ती रात्री उशाशी घेऊन झोपलास आणि सकाळी गालावर दांड्याचे वळ उठले होते? ताईने मला फैलावर घेतलं. तेव्हा तू मला विचारलं होतंस, की मामा, हिच्यावर तुमचं नाव का नाही? मी म्हणालो होतो, नाव खेळणाऱ्याचं होतं. चुकलोच.

गुडघ्याला ऊब देत जा. सामन्याच्या आदल्या दिवशी फार वाचत बसू नकोस. अर्थात तो धोका तुझ्या बाबतीत कमी आहे. मामी आशीर्वाद सांगतात. त्यांना आता बरं दिसतं, टीव्हीचे खालचे शब्दसुद्धा वाचता येतात.

एक सांगायचं राहिलं. या खेपेस खांद्याने साथ दिली नाही, म्हणून बॅट ठोकलेली नाही. नुसतं तेल दिलंय. चमक बघून फसू नकोस. खेळायच्या आधी लाकडी हातोडीने निदान आठ तास ठोकून घे. तळाला सावकाश, कडांना हलक्या हाताने. तशीच घेऊन उतरलास तर पायात पडलेला पहिला चेंडू तिला पुरेसा आहे.

लोभ होता तसा आहे की नाही, हे तूच ठरव.

मामा


३० मार्च

ती. मामांस सा. न.

बॅट मिळाली. काय चीज आहे! स्टिकर लावून पिशवीत ठेवली, सामन्यापर्यंत बाहेर काढणार नाही. पत्रही वाचलं, नेहमीसारखंच छान. मामींना नमस्कार. या बॅटीने शंभर केल्या तर पहिला फोन तुम्हाला! बस आली.

चेंगट


६ एप्रिल

चि. भाऊस,

आशीर्वाद आज मनापासून निघत नाहीत, म्हणून लिहीत नाही.

तू सामना पाहिलासच. पण मी इथे कुठे बसून पाहिला ते तुला कळू दे. देशाची टोपी घालून तो एकशे आठव्यांदा पायऱ्या उतरला तेव्हा मी खुर्ची टीव्हीजवळ ओढली होती. दोन चेंडू त्याने सोडून दिले. तिसरा त्याच्या पायात आला. त्याने बॅट खाली घातली आणि तिचा तळ उभा चिरला. अर्धी बॅट कंपनीच्या स्टिकरसकट उडाली आणि चेंडू मागे स्टंपवर गेला. तो हातात दांडा धरून तसाच उभा होता. बाद झाल्यावर इतका वेळ तो कधीच उभा राहिला नव्हता. भाऊ, ते चित्र दिवसभर दाखवत होते. आपल्याला दुसरा डाव खेळावाच लागला नाही आणि सामना संपला त्या संध्याकाळी निवड समितीने त्याचं नाव वगळलं.

कंपनीने तर कमाल केली. आपली अब्रू वाचवायला जाहीर करून टाकलं, की बॅट आमच्या कारखान्यातली नव्हेच. अकरा वर्षं या खेळाडूच्या बॅटी त्याचा मामा बनवतो, तुटली त्याला तोच जबाबदार. त्याचा करारही तोडला. आणि मग तुझा तोच फोटो, खाली तुझं नाव, दुकानाचा पत्ता.

तो काल घरी आला. पिशवी दारात टाकली आणि भिंतीकडे तोंड करून निजला. मी पेटी आवरताना तुझं पत्र सापडलं. पहिली घडी उघडलेली, बाकीच्या तशाच. मी शेवटपर्यंत वाचलं.

तू त्याला सावध केलं होतंस, असं कोणीही म्हणेल. मी म्हणणार नाही. तो चार ओळींपुढे वाचत नाही हे तू मलाच लिहिलं होतंस. ते वाक्य तू मुद्दाम शेवटी ठेवलंस की नाही, एवढंच मला कळव. पत्र होतं तसं घडी घालून पेटीत ठेवलंय. त्याला काही बोललेले नाही.

ताई


११ एप्रिल

ती. ताईस सा. न.

होय. मुद्दाम. तीन वेळा कच्चं लिहिलं. पहिल्यांदा ते वाक्य वर आलं होतं, मी कागद फाडला. खांद्याला नवं काही झालं नव्हतं, तेही खोटं.

बॅट तुटली तेव्हा मी त्याच सलूनमध्ये होतो, त्याच खुर्चीत. मुद्दाम जाऊन बसलो होतो. टाळी वाजवली मी. न्हावी चरकला. मग माझं नाव आलं आणि मला धक्का बसला असेल असं समजून सगळ्यांनी मला धरून दुकानापर्यंत आणलं. ताई, अख्ख्या जगाने माझं नाव वाचलं. कलिजा थंड झाला.

तो चार दिवस थंड राहिला.

पाचव्या दिवशी शाळेच्या क्रीडाशिक्षकांनी सहा बॅटी परत आणून दिल्या. ओळखीचा माणूसही आता माझी बॅट हातात घेतली की आधी बोटाने वाजवून बघतो. काल एकाने हसत विचारलं, की ही किती चेंडू टिकेल? चाळीस वर्षांत माझी एक बॅट तुटली नव्हती. आणि नाव लागलं ते तुटलेल्या एकीला. आता मी रबर चढवणारा नाही. मोडकी बॅट बनवणारा आहे.

तू हसशील तर हस, तुझा हक्क आहे. पण मला पस्तावा झालाय असं मात्र समजू नकोस. त्याने मला एका वाक्यात संपवलं, मी त्याला एका वाक्यात संपवलं. फिट्टंफाट झाली, एवढंच. बरं मात्र वाटत नाही.

त्याला पत्र दाखवू नकोस. दाखवलंस तरी तो वाचणार नाही म्हणा.

भाऊ


२५ एप्रिल

ती. मामांस, चेंगटचा सा. न. वि. वि.

हे पत्र लांब आहे. लांब पत्र कसं लिहायचं ते तुमच्याकडून शिकलो.

मी निवृत्त झालो. पत्रकार परिषद नऊ मिनिटांत आटपली. गुडघा आता बरा राहिला काय आणि न राहिला काय! आईकडे वीस दिवस आहे. काही काम नाही, म्हणून पिशव्यांच्या, पेटीच्या तळाशी साठलेली तुमची पत्रं काढली. सव्वीस निघाली. सगळी शेवटपर्यंत वाचली, शेवटचंही.

ते वाचून मी काय केलं ते आईला विचारा. तिच्या खोलीतली खुर्ची मोडली. तो माझा शेवटचा डाव होता, मामा. दोन दिवस आधी तुम्ही नुसती तार केली असतीत तरी मी रात्रंदिवस ठोकत बसलो असतो. मी पत्रं शेवटपर्यंत वाचत नाही हे तुम्हाला माहीत होतं आणि तरी तुम्ही मला सगळ्या जगासमोर हातात दांडा धरून उभं केलंत. मी ते विसरणार नाही. तुम्हीही ते वाक्य विसरू नका, जे मी त्या बाईंसमोर बोललो. बोलताना मला फोटोतला तुमचा चेहरा दिसत होता, तरी बोललो. करारात रबराचा उल्लेख नव्हता. ते मी पदरचं घातलं, मोठा दिसायला.

बाकीच्या पंचवीस पत्रांत तुम्ही एकोणीस वेळा शेवटी एकच विचारलंय, की दुकानात कधी येतोस. त्याचं उत्तर देतो. सोमवारी येतो आणि रोज येणार. रबर चढवायला.

हातोडी माझी मी आणतो. दुकानाच्या दारात, रस्त्यावरून दिसेल असा बसेन आणि प्रत्येक बॅट आठ तास ठोकीन. लोक मला बघायला येतीलच. ज्याला ती मोडकी बॅट आठवेल त्याला मी सांगीन, की मामांच्या बॅटीत खोट नव्हती, ती ठोकलेली नव्हती म्हणून तुटली. लोक समजतील मी आळस केला. समजू देत. तुमचं नाव मी असं परत मिळवून देईन.

पण ती तशी का आली, हे आपल्या तिघांनाच माहीत आहे. कधीतरी एखादं गिऱ्हाईक खोदून विचारेल. तेव्हा मी तुमच्याकडे बघेन. तुम्हाला ऐकू येत नाही, त्यामुळे मी त्याला काय सांगितलं ते तुम्हाला कधीच कळणार नाही. आयुष्यभर माझ्या ओठांकडे बघत बसा. एवढी शिक्षा मी ठेवून घेतलीय.

लोभ असावा असं लिहायची रीत आहे. सध्या धाक असावा. लोभाचं सोमवारनंतर बघू.

तुमचा भाचा,
चेंगट

ता. क. मामींचा डोळा आता कसा आहे?