चाचणीपुरतं दार

रविवार, ४ मे

माझ्या हातचं: जेवणाचं टेबल (एकही खिळा नाही, नुसते सांधे). लेकीचा अभ्यासाचा दिवा. दुकानातला बारीक वजनाचा काटा, ज्यावर केसही तोलता येतो. मोरीच्या नळातला वायसर, कंपनीच्या वायसरपेक्षा जास्त टिकलेला. आणि संगणकाच्या कर्नलमधलं ते दार.

हे लिहायचं कारण मेहुणा. आज जेवायला आला होता. म्हणाला, दाजी, तुमचं कर्नलचं काम म्हणजे सगळं हवेतलं, हात लावून दाखवता येईल असं काही आहे का? — आणि हे माझ्याच टेबलावर कोपर टेकून! ही म्हणाली, "अरे, ज्यावर जेवतोयस ते काय आभाळातून पडलं?"

पोट भरतं काट्यांवर. वजनकाटे दुरुस्त करतो, तेही कुणी शिकवलं नाही. पण संगणकाच्या गाभ्यात, जगभरचे लोक मिळून फुकट लिहितात त्या कर्नलमध्ये, मेमरीचा एक कोपरा माझ्या ताब्यात आहे. पगार शून्य. तिथे काय जाईल, काय नाही, हे मात्र मला विचारून ठरतं.

आणि दाराबद्दल मेहुण्याने तरी बोलू नये. त्याचा धंदा संगणक भाड्याने देण्याचा. चालू यंत्रात मेमरीची नवी पट्टी खोचतो, माझ्या दारातून कर्नलला सांगतो — अमुक पत्त्यावर मेमरी आलीय. कर्नल विश्वास ठेवतो. ग्राहकाला पत्ताही लागत नाही. मी ते केलं होतं चाचणीपुरतं, दर वेळी पट्ट्या खोचाउपसायला नकोत म्हणून. उघडं राहिलं, आणि जग त्यातून ये-जा करायला लागलं. याचा अभिमान आहे. का नसावा?

मंगळवार, ६ मे

दिवसभर काटे. एकही परत येणार नाही.

गुरुवार, ८ मे

दूरच्या एका वाचनालयातून तक्रार. तिथल्या संगणकवाल्याने कुठूनतरी आज्ञा उतरवून घेतली आणि पत्त्यात एक शून्य जास्त टाकलं. दाराने ते निमूट मान्य केलं. माझं दार एवढंच बघतं, की पत्ता मापात बसतो का. तिथे खरंच मेमरी आहे का, हे ते बघत नाही. चाचणी करणाऱ्याला ते माहीत असतं, म्हणून बघायची गरज नव्हती.

तिथे काहीच नव्हतं. यंत्र त्या पोकळीत लिहीत बसलं. लिहिलं ते हवेत, वाचायला गेलं की कचरा. आणि तो कचरा यंत्राने पुस्तकांच्या यादीत नीट जपून ठेवला! कोसळलं असतं तर बरं झालं असतं. ते चालत राहिलं.

बंद काटा परवडला, खोटा नाही. बंद काट्यावर कुणी माल तोलत नाही.

त्यांच्याकडे जुनी प्रत होती, निभावलं. पण आता दाराला कुलूप. काढून टाकता येत नाही — आमच्यात एक नियम कडक आहे, बाहेरच्या माणसाला एकदा दिलेली सोय परत घ्यायची नाही. म्हणून असं: चाचणीसाठी मुद्दाम बांधलेल्या कर्नलमध्ये दार असेल. रोजच्या वापराच्या कर्नलमध्ये ते मुळातच बंद. सकाळपासून तेच लिहितोय. सुबक होतंय.

शुक्रवार, ९ मे

मेहुण्याला कुणीतरी कुलपाचं सांगितलं. फोन. आवाजात नेहमीची टर नाही.

त्याला धंदा विकायचाय. पाठ गेलीय, यंत्रं उचलवत नाहीत. एक मोठी कंपनी घ्यायला तयार आहे, भावही ठरलाय. आणि त्याच्या धंद्याची सगळी शान एकाच गोष्टीत — यंत्र न थांबवता मेमरी वाढवून मिळेल. दार बंद झालं तर घेणारे काय बघून घेणार? म्हणाला, "दाजी, एवढी एक आवृत्ती जाऊ द्या. मग लावा तुमचं कुलूप, हवं तर दोन लावा."

मी म्हणालो, बघतो. बघण्यासारखं काही नव्हतं, तरी म्हणालो.

हिने भांडी पुसता पुसता ऐकलं होतं. "तुम्हाला खरं वाटेल ते करा. फक्त तो माझा भाऊ आहे, एवढं ध्यानात असू द्या." आणि पुसलेलंच पातेलं परत पुसायला घेतलं.

मंगळवार, १३ मे

मेमरीच्या कामावर दुसरी नजर टाकतात त्या बाई या विषयातल्या डॉक्टरेट. मी मनात त्यांना डॉक्टरीणबाई म्हणतो. कुलूप त्यांच्याकडे पाठवलं होतं, आज उत्तर आलं. कुलूप ठीक, पण अपुरं. कुणी चाचणीचाच कर्नल उचलून रोजच्या कामाला लावला तर? त्यांचं म्हणणं, दार एकदा जरी वापरलं तरी कर्नलवर डाग पडू द्या, यंत्र बंद करेपर्यंत न पुसणारा. मग तक्रार आली की आधी डाग बघायचा.

राग आला. माझ्या दारात मला शिकवतात! उत्तर न देता दुकानात गेलो. किराणावाल्याचा काटा तयार होता. त्याचं माप ठरवायचं बटण आत असतं. त्यावरून तार ओवायची, शिसं दाबून सील करायचं. बटणाला हात लावायचा तर सील तोडावंच लागतं, आणि तुटलेलं सील आंधळ्यालाही कळतं. चिमटा दाबला आणि तसाच उभा राहिलो. रोज दहादा करतो ते, आणि मला सुचू नये! किराणावाला विचारतो, काय हो, चुकलं का काही? म्हटलं, काट्यात नाही.

बाईंना लिहिलं: तुमचं बरोबर. माझं कुलूप अर्धं होतं.

त्यांचं उत्तर: "तुमचं अर्धंसुद्धा माझ्या पुऱ्यापेक्षा नीट लिहिलेलं असतं."

संध्याकाळी ही म्हणाली, आज स्वारी खुशीत दिसतेय. म्हटलं, कुठे काय.

शनिवार, १७ मे

सकाळीच मेहुण्याच्या यंत्रांच्या खोलीत. गार हवा, पंख्यांची घरघर, दोघांनाही ओरडून बोलावं लागतं. मला एकच खटकत होतं: याला दार लागतंच कशाला? नवी पट्टी आली की यंत्रातल्या मुख्य बोर्डाने स्वतः घंटा वाजवावी आणि कर्नलने उठून बघावं, अशी सरळ सोय आहे. पत्ता बोर्डच सांगतो, माणसाला शून्यं मोजावी लागत नाहीत.

विचारलं, बोर्डाच्या मांडणीत, सेटिंगमध्ये, शेवटचं कोण गेलं होतं? म्हणाला, "यंत्रं विकणारा."

एक यंत्र थांबवायला लावलं. मांडणी उघडली. घंटा बंद! विकणाऱ्याने बंद ठेवून दिली, याने कधी पाहिलं नाही, यंत्रं मुकी समजून माझ्या दाराकडे आला. चालू केली. यंत्र सुरू झालं, पट्टी खोचली — पडद्यावर आपोआप ओळ आली, मेमरी वाढली.

मेहुण्याने ओळ बोट ठेवून वाचली. "म्हणजे इतकी वर्षं मी मागच्या दाराने ये-जा करत होतो, आणि पुढचं उघडं होतं?"

"उघडं नव्हतं. आतून कडी होती."

प्रत्येक यंत्र एकदा तरी थांबवावं लागणार. ग्राहक बोंब मारतील म्हणाला. म्हटलं, मारू देत, एकदाच मारतील. फोन करत सुटला. कुणी ओरडलं, कुणी नाही. एकाने एवढंच विचारलं, जेवणाच्या सुट्टीत होईल का. मी यंत्रं उघडत गेलो, तो पाठीला हात लावून मागे मागे, पेचकस पुढे करत. निघताना म्हणाला, "दाजी, हे मात्र हात लावून दाखवता आलं हो."

मान डोलावली. जास्त बोललं की उतरतं.

शुक्रवार, २३ मे

कर्नलमध्ये स्वीकारलं! कुलूपही, डागही. बाईंचं नाव माझ्या नावाखाली, मीच आग्रहाने घातलं. वाचनालयाच्या माणसाला कळवलं. त्याचं उत्तर — पुस्तकांची यादी जागेवर आहे, आता शून्यं दोनदा मोजतो.

रविवार, २५ मे

मेहुणा सहकुटुंब जेवायला. घेणाऱ्यांची माणसं येऊन गेली. सगळं बघितलं, घंटेचं ऐकून खूश झाली, माझं नाव दोनदा विचारलं आणि लिहून घेतलं. कागद पुढच्या आठवड्यात. तो आत्तापासून नुसतं बसून राहण्याचे बेत करतोय. लेक म्हणाली, "मामा, बसून राहायला पण पाठ लागते." सगळ्यांत जास्त तोच हसला. हिने मला न विचारता दुसऱ्यांदा वाढलं — हे हिच्याकडचं प्रमाणपत्र.

टेबलाचा एक पाय किंचित हलतोय. सांधा बघायला हवा.

बुधवार, २८ मे

घेणाऱ्या कंपनीच्या साहेबांचा फोन. थेट मला. मेहुण्याचा धंदा त्यांना नकोच आहे, कधीच नको होता. त्यांची स्वतःची हजारो यंत्रं जुनी आहेत, त्यांच्या बोर्डांना घंटाच नाही. ती माझ्या दारावर चालतात. मी कुलूप काढायचं, आणि यापुढे माझ्या कोपऱ्यात काय जाईल ते त्यांना विचारून ठरवायचं. मग मेहुण्याचा धंदाही घेतील, ठरल्या भावाने. नाहीतर त्याचे कागद होणार नाहीत.

नाही म्हणालो. मेहुण्याला अजून माहीत नाही. हिलाही नाही.

मला वेगळे देणार होते ते ऐंशी लाख.