बाबांचा कागद

१७ फेब्रुवारी २००३, सोमवार

काय झालं ते क्रमाने.

१. ऑगस्टमध्ये बाबांच्या गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी डायक्लोफेनॅक लिहून दिलं. दिवसातून दोनदा, जेवणानंतर. दहा दिवस.
२. अकराव्या दिवशी दुखणं परतलं. बाबांनी तोच कागद दाखवून गोळ्या आणल्या. मग पुन्हा. मग पुन्हा.
३. नोव्हेंबरमध्ये कागद घडीवर फाटायला लागला. मी हिंजवडीला, ऑफिसात लॅमिनेट करून दिला.
४. आज सकाळी बाबा मोरीत पडले. रक्ताची उलटी.
५. गोळ्यांमुळे पोटात व्रण. दोन बाटल्या रक्त चढवलं. धोका टळलेला नाही.

वॉर्डातल्या डॉक्टरबाईंनी विचारलं, दहा दिवसांची गोळी सहा महिने मिळाली कशी? दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायचा मला पगार मिळतो.

१८ फेब्रुवारी

घरी एकटी. बाबा तीस वर्षं छापखान्यात उभे होते. उठताना कण्हायचे – त्यावरून कळायचं, कुठल्या खोलीत आहेत. सप्टेंबरपासून तो आवाज बंद झाला. मला बरं वाटलं होतं!

एकदा टोकलं होतं, इतक्या गोळ्या कशाला म्हणून. तर म्हणाले, "दुखणं माझं गेलं, कण्हतेस तू का?"

बाबांची शी महिनाभर काळी होत होती – आत रक्त जातंय याची खूण, डॉक्टर म्हणाले – पण त्यांनी कुणाला सांगितलं नाही. गोळीमुळे पोट दुखतच नव्हतं ना.

१९ फेब्रुवारी

नाकात नळी. झोपलेत. दिवसभर कॉटपाशी बसून.

२० फेब्रुवारी

मेडिकलवाल्या श्रीनिवासकाकांना सांगायला गेले – बाबांना ही गोळी आता द्यायची नाही. ते म्हणाले, "कालच नेली की कचरूंनी."

काल बाबा वॉर्डात होते. मी शेजारी होते.

त्यांनी वही फिरवून दाखवली. कालची तारीख, बाबांचं नाव, एक पट्टी. मागची पानं मी मोजली. नोव्हेंबरपासून ब्याण्णव पट्ट्या, सगळ्या बाबांच्या नावावर. दहा गोळ्यांची पट्टी, दिवसाला दोन गोळ्या – एका माणसाला पंचवीसच्या वर लागत नाहीत.

मी विचारलं, न्यायला कोण आलं होतं? त्यांनी लक्ष दिलं नव्हतं. "कागद आला की गोळी देतो. नाव कागदावर असतंच."

बाबांचा कागद माझ्या पर्समध्ये होता. वॉर्डातून त्यांचे कपडे परत मिळाले तेव्हा सदऱ्याच्या खिशात सापडला. मी तो काउंटरवर ठेवला.

काका कागदाकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. "मग काल काय दाखवलं मला?"

२१ फेब्रुवारी

गल्लीतून मुद्दाम सावकाश चालत आले. चंद्रभागामावशी दोन भरलेल्या कळशा घेऊन जिना चढल्या. न थांबता. दिवाळीआधी दर तिसऱ्या पायरीला बसायच्या. बापूराव ओट्यावर मांडी घालून पत्ते खेळत होते – मांडी!

गल्लीत कुणीच कण्हत नाही. कधीपासून, ते मला सांगता येणार नाही.

मावशींना विचारलं. "आमच्याकडं कुठला गं कागद?" बोलताना माझ्याकडे बघितलं नाही.

२२ फेब्रुवारी

बाबा बोलले. आवाज अगदी बारीक. "गुडघे सगळ्यांचेच आहेत. एक कागद दिला तर काय जातं आपलं?" आता तो कुणाकडे आहे, त्यांनाही माहीत नाही. हातोहात फिरतो म्हणाले.

२३ फेब्रुवारी, रविवार

नोव्हेंबरमध्ये लॅमिनेट करताना मी कागदाच्या दोन प्रती केल्या होत्या, दोन्ही बाबांना दिल्या. सवय – एक हरवली तर दुसरी असावी.

गल्लीतल्या बुद्धविहाराच्या फळ्यावर लावलेली चिठ्ठी इथे उतरवून ठेवते:

'कचरू यांच्या नावाचा लॅमिनेट केलेला कागद ज्यांच्याकडे आहे, त्यांनी तो मला परत द्यावा. तो मी केला, चूक माझी आहे. ती गोळी घेत असाल आणि शी काळी होत असेल, तर दुखत नसलं तरी आजच दवाखान्यात जा. कुणालाही जाब विचारणार नाही. किती जणांनी घेतली तेवढं कळवा. बुधवार, २६ तारखेपर्यंत.'