बाहेरचं नाव

४ एप्रिल २०१६, उदगीर
आले बाई एकदाची! उमरीहून तीन गाड्या बदलल्या. उदगीर जिल्हा होणार म्हणून सगळं गाव हवेत, आणि प्यायला पाणी टँकरचं. टँकर-कक्षात कॉम्प्युटरवर मी एकटी. शिपाई साखराबाईंनी चहा भरून दिला, पाणी मात्र अर्धाच ग्लास. अप्पांना फोन केला. पोरगी नोकरीला लागली म्हणून ते गल्लीभर सांगून राहिलेत.

५ एप्रिल
मशीन सुरू होताना आधी एक फाइल वाचतं, तिच्यात ऑपरेटरचं नाव लागतं. माझ्याआधीच्या जलीलभाईंनी पुठ्ठ्यावर नियम लिहून ठेवलाय: दोन शब्द असले की अवतरणचिन्हांत घाला, तीही सरळ. वाकडी चालत नाहीत. वाकडी असली की मशीन पहिलाच शब्द नाव धरतं आणि चिन्हांबाहेर पडलेला दुसरा हुकूम समजतं. मी ऐटीत बापाचं नाव लावलं, “शिवगंगा मल्लिकार्जुन”. मराठी टायपिंगमध्ये चिन्हं आपोआप वाकडी पडली. दिसतात किती छान! राहू दिली.

६ एप्रिल
सकाळी पडद्यावर ओळ. मल्लिकार्जुन: सापडला नाही. हसूच आलं. अप्पा तर उमरीत शेंगा फोडत बसलेत.

८ एप्रिल
ओळ लांबली. उदगीर पाहिलं. मुखेड पाहिलं. मल्लिकार्जुन: सापडला नाही. चिन्हं सरळ केली, दुपारी परत वाकडी. खोलीत माझ्याशिवाय कुणी न्हाई.

९ एप्रिल
साखराबाईंना खोदून विचारलं. जलीलभाईंनीही बापाचं नाव लावलं होतं, नजीर. अब्बा भर दुपारी घरातून उठून गेले, चपला दारातच. पुठ्ठा त्यानंतरचा, म्हणाल्या.

११ एप्रिल
नायगाव पाहिलं. पुढं उमरीच.
दुसरा शब्द पुसला, परत आला. ‘टेबल’ लिहून पाहिलं, घेत न्हाई. माणूसच मागतं —

१२ एप्रिल
अप्पांचा फोन. दारात कुणीतरी पूर्ण नावानं हाक मारून राहिलंय म्हणे. उघडू नका म्हटलं. ते हसले, पाव्हण्याला उन्हात किती उभं करायचं —
वायर उपटली. पडदा चालूच. अप्पा, थांबा हो —
एकच सुचतंय. नावं उलटी. मल्लिकार्जुन शिवगंगा. आता बाहेर मी.
घेतलं.
अप्पा म्हणतात, दारात कुणीच न्हाई. बरं झालं. लई बरं झालं.
पडद्यावर, उदगीर पाहतोय —
दाराशी हाक. माझंच नाव, पण अप्पांचं आधी लावून. मी ओ देणार न्हाई. मी ओ दे