हेलरबाईच्या नवऱ्याचे शर्ट

सोमवार, ४ फेब्रुवारी १९५७. मानहाइम

आजही वाळत घातला. बर्फ पडतंय तरी! घरमालकीण हेलरबाई दर सोमवारी नवऱ्याचा एक शर्ट धुते, इस्त्री करते, कपाटात ठेवते. नवरा कार्ल बारा वर्षांपूर्वी रशियनांशी लढताना हरवला. मेला असं कोणी सांगितलं नाही, आहे असंही नाही. शर्ट दोरीवर गोठून ताठ झालाय. हात पसरून उभा. लतिका शाळेतून आली ती त्याला "गुटन टाग" असा नमस्कार करून वर आली. नातीच्या पाठीत धपाटा घालणार होते — पण त्याच्यासमोरून जाताना मीही पदर सावरला होता.

बुधवार, ६ फेब्रुवारी

पुढचं घर बॉम्बने पडलेलं, आम्ही मागच्या अंगाला भाड्याने. आज कचेरीचा माणूस आला. सून मालिनीने मला समजावलं ते असं — घर कार्लच्या नावावर. बांधायचं तर त्याची सही हवी, नाहीतर तो मेल्याचा कागद. मार्चअखेर काहीच झालं नाही तर जागा नगरपालिका घेणार. बाई निर्वासितांच्या बराकीत, आम्ही रस्त्यावर.

वरून पाडणारे अमेरिकन, खाली उतरून बांधा बांधा म्हणणारेही अमेरिकन. आणि अख्खा देश मेलेल्यांच्या सहीसाठी अडलाय.

बाई म्हणाली, "मी कागद केला तर मीच त्याला मारलं."

शनिवार, ९ फेब्रुवारी

भर दुपारी मीठ मागायला खाली गेले. दार लोटलेलं. कार्ल टेबलाशी सूप पीत बसला होता. पाठमोरा, कॉलर ताठ. घोगऱ्या आवाजात काही बोलला. मग बाईच्या आवाजात उत्तर. मान वळली — बाईच. शर्ट तिच्याच अंगात.

मीठ न घेता आले. भास्कर जेवताना म्हणाला, "आई, भाजी अळणी आहे." म्हटलं, आज अळणीच खा.

मंगळवार, १२ फेब्रुवारी

मालिनीला मध्ये बसवून बाईला सांगितलं. आमच्याकडे माणसाचा बारा वर्षं पत्ता नसला की दर्भाचा पुतळा करतात आणि त्याला अग्नी देतात. मग तो मेलेलाच. माझा नवरा सोळा साली पलटणीबरोबर बसऱ्याला गेला, भास्कर पाळण्यात होता. अठ्ठावीस साली पुतळा जाळला, कुंकू पुसलं, कामाला लागले.

"आणि नंतर तो आला असता तर?" बाईने विचारलं.

"दारात घेतला नसता. मेलेल्याला घरात कोण घेतं?"

मालिनी अडखळली. "अहो आई, हे कसं सांगू?"

"आहे तसं सांग. गोड करू नकोस."

मालिनीने तसंच सांगितलं. बाई म्हणाली, "गेनाऊ." म्हणजे बरोबर.

शुक्रवार, १५ फेब्रुवारी

भास्कर प्रयोगशाळेत गेल्यावर केलं. त्याला कळलं तर हायडेलबर्गच्या शास्त्रज्ञाची आई म्हणून माझीच लाज वाटायची. दर्भ कुठला इथे? कार्लच्या गादीतला पेंढा काढून शर्टात भरला. बाईने एकेक बटण लावलं, कॉलर सारखी केली. पडक्या घरात चुलीच्या जागी निजवला. पेंढा ओला, नुसता धूर. मग एकदम पेटला, आणि शर्टाचा एक हात कोपरातून वर उठला. कापड आकसतं, म्हणून. मला ठाऊक आहे.

तरी ओरडले मीच. बाईने तो हात काठीने खाली दाबला.

शनिवार, १६ फेब्रुवारी

बाई गाढ झोपली. दोन वेळा जाऊन श्वास बघून आले.

सोमवार, १८ फेब्रुवारी

बाई सकाळी कचेरीत गेली, कार्ल मेल्याच्या कागदावर सही करायला. ती कोपऱ्यावर वळली आणि पोस्टमन आला. त्याने कार्ड माझ्या हातात दिलं. "फॉन कार्ल," म्हणाला. कार्लकडून. मला जर्मन वाचता येत नाही, गरजही नव्हती. सत्तावीस साली बसऱ्याहून असंच एक आलं होतं — सुखरूप आहे, इकडे दुसरं घर केलंय. ते चुलीत घातलं आणि वर्षाने पुतळा जाळला. भास्करला ठाऊक नाही.

आजही शेगडी पेटलेलीच होती.