रसावर जांभळं

बडोदे, शनिवार, १२ जून १९९९

आज यांचा साखरेचा रिपोर्ट चांगला आला, आणि तेव्हापासून मला काही सुचत नाही.

डॉक्टरांनी बजावलं होतं, जेवणानंतरची साखर बघायची तर रोजच्यासारखंच जेवून या. हे दुपारी जेवले ज्वारीची भाकरी, दुधीची भाजी आणि वर वाटीभर जांभळं. रोज आमरसाच्या दोन वाट्या असतात, त्या आजच नव्हत्या. मी विचारलं, "ही फसवणूक कोणाची?" तर जांभळी जीभ काढून दाखवली. नेहमीचं उत्तर.

शेजारच्या कोकिलाबेन एकदा म्हणाल्या, "जांबु खाओ, पछी बधुं चाले." जांभळं खा, मग सगळं चालतं, तेवढं एक वाक्य यांनी धरून ठेवलंय. जांभळानं थोडाफार फरक पडतही असेल, डॉक्टर नाही म्हणाले नाहीत. पण वर जांभळं खाल्ली म्हणजे खालचा रस खाल्लाच नाही, असं होतं का? माझे मोठे दीर हेच करत. साखरेनं त्यांचं हृदय पोखरलं. गेले त्या दिवशी हॉस्पिटलात त्यांची जीभ अशीच जांभळी होती. मी कोणाला बोलले नाही.

संध्याकाळी रिपोर्ट देवापुढे ठेवून हे म्हणाले, "बघ, जांभळानं काम केलं. आता रस कर."

भांडायला हवं होतं. पण किती वर्षं भांडायचं? मी आंबे पिळले, दोन वाट्या भरल्या आणि शेजारी जांभळं ठेवली, मीठ लावून.