सीआरपी आणि माझी सही

३ मार्च, मंगळवार. सकाळी.
काल अपेंडिक्स काढलं. सर्जनने बाटलीत घालून दाखवलं. घाणेरडं गांडूळ! सोमवारी विभागप्रमुखपदाचा इंटरव्ह्यू. म्हणजे शुक्रवारी घरी, मग दोन दिवस तयारी. ठरलं. समोर उमेदवार एकच, माझ्या हाताखालचा टकल्या. हॉस्पिटलांच्या लॅबमधली मशीनं तपासणं हे आमच्या खात्याचं काम. हा प्राणी एकेका मशीनपाशी दोन-दोन तास बसतो. सही मात्र माझीच लागते.

४ मार्च, बुधवार.
वॉर्डात फिनेल आणि शिळ्या सुपाचा वास. शेजारचा ढेकर देतो. शी! सीआरपीसाठी रक्त काढलं. पोटात पू-बिऊ झाला तर हा आकडा चढतो म्हणे. माझा ८०. ऑपरेशननंतर एवढा असतोच, पण मग उतरायला हवा, असं सर्जन म्हणाला. उतरणारच. लोखंडी प्रकृती आहे माझी.

५ मार्च, गुरुवार.
कणकण. थकवा असणार. सिस्टर थर्मामीटर घेऊन यायच्या आधी तोंडात बर्फ धरला. ताप नाही! पोट दुखतं का, विचारलं. नाही म्हणालो. (दुखतं. पण ते टाक्यांचं.) बायकोने बर्फ पाहिला. लहान मूल आहात का, म्हणाली. तिला इंटरव्ह्यूचं काय कळणार.

६ मार्च, शुक्रवार.
१४०. घरी जाणं रद्द. मशीनच बिघडलंय! हयात गेली माझी यात. सर्जनला तसं सुनावलं. नाचता येईना अंगण वाकडं, असं बायको पुटपुटली. चक्क परक्यांसमोर.

७ मार्च, शनिवार.
२१०. हुडहुडी भरली. तरी अडून बसलो, मशीनचं सर्टिफिकेट दाखवा. सिस्टरने लॅबच्या भिंतीवरची फ्रेमच काढून आणली. तपासणी गेल्या महिन्यात. निकाल चोख. सही माझी.
आली का पंचाईत! मशीन खोटं म्हणावं तर सही खोटी. खरं म्हणावं तर पोटात पू. सर्जन, सिस्टर, बायको, तिघंही माझ्या तोंडाकडे बघत होती. त्या दिवशी मशीन टकल्याने तपासलं, मी कँटीनमध्ये होतो, हे सांगायला जीभ रेटेना. मशीन चोख आहे, म्हणालो. लगेच स्कॅनला नेलं.

१० मार्च, मंगळवार.
वाटीभर पू निघाला. पोटात नळी, खाली पिशवी. माझी मलाच किळस येते. आकडा ९०. इंटरव्ह्यू काल होऊन गेला.
संध्याकाळी टकल्या भेटायला आला. विभागप्रमुख झालाय. वर यायच्या आधी लॅबमध्ये बसून मशीन पुन्हा तपासलं म्हणे. उतरलेला आकडा खरा आहे, काळजी करू नका, असं बायकोला म्हणाला. ती रडायलाच लागली.
त्याच्या हातात नवं सर्टिफिकेट होतं. सवयीने पेन मागितलं. राहू द्या, म्हणाला. सही आता त्याची लागते.