मोहन किती घालायचं?

आदरणीय चिमणीच्या आजी यांच्या सेवेशी,
चिमणीच्या आईचा वाकून नमस्कार.

(मायन्यातच दोन कागद वाया गेले. 'ती. सासूबाई' लिहायला घेतलं, तर कोर्टाचा कागद आडवा आला. 'काकू' लिहिलं असतं, तर तुम्ही पाकीट न फोडता परत पाठवलं असतंत. म्हणून तुमच्या नातीच्या नावाचा आधार घेतला. गोड मानून घ्यावं.)

तुमचा गुडघा कसा आहे? चिमणी सांगते, तुम्ही पट्टा बांधायचा कंटाळा करता. बांधत जा. (हे सांगायचा मला आता अधिकार नाही. होता तेव्हा सात वर्षं सांगितलं, तेव्हाही बांधला नाहीतच.) आमच्याकडे सगळं ठीक. चिमणीचा एक दात पडला, त्याची हकीकत पुढे येईलच. आपले चिरंजीवही खुशाल असतील. मी त्यांची खुशाली विचारली, हे त्यांना कळवायची गरज नाही.

पत्रास कारण की, यंदाचा सण चिमणी माझ्याकडे आहे. एक सण तिकडे, एक इकडे, हे ठरलेलंच आहे. मागल्या सणाला ती तुमच्याकडून परतली ती चकल्यांचा डबा छातीशी धरून, आणि यंदा शाळेत तिने परस्पर जाहीर करून टाकलं, की सणाला आमच्याकडे आजीच्या चकल्या असतात. 'आमच्याकडे' म्हणजे नेमकं कुणाकडे, हे बाईंनी विचारलं नाही. मीही नाही. म्हटलं, करूया की, त्यात काय एवढं! अख्ख्या बाजारपेठेचे तराजू मी तपासते. माझ्या एका शिक्क्यासाठी भलेभले व्यापारी घाम पुसत उभे राहतात. चार वाट्या पिठाला मी कशाला भिते?

कृती विचारायची तर फोन करायला हवा, आणि तुमच्याकडचा फोन चिरंजीव उचलतात. म्हणून शनिवारी चिमणीबरोबर वही पाठवली. तिने तुमच्या शेजारी बसून लिहून आणलं ते जसंच्या तसं देते: 'भाजणी पुरेशी. पाणी लागेल तेवढं. तिखट बेताने. कडकडीत तेलाचं मोहन किती, ते हाताला कळतं.' कुणाच्या हाताला? वीस वर्षांच्या नोकरीत 'बेताने' नावाचं वजन माझ्याकडे कुणी तपासायला आणलेलं नाही. (आणलं असतं, तर जप्त केलं असतं.)

तरी रविवारी सकाळी पदर खोचला. साहेबांना सांगून ऑफिसातला काटा घरी आणला होता, त्यावर मोजून मोहन घातलं, आणि पहिली चकली तेलात सोडली. ती गेली. गेली म्हणजे गेलीच. जरासा फेस आला, चार तीळ वर आले, बाकी पत्ता नाही. चिमणी लांबूनच टाचा उंचावून म्हणाली, "आई, आत्ता होती ना गं?" मोहन जास्त झालं होतं. मग दुसरं पीठ भिजवलं आणि मोहन निम्म्यावर आणलं. या चकल्या मात्र टिकल्या. इतक्या टिकल्या, की चिमणीने पहिला तुकडा तोडला तेव्हा खणखणीत आवाज झाला, आम्ही दोघी टाळ्या पिटणार, तोच तिने तोंडातून काढून दाखवला तो दात. (हलतच होता म्हणा. तरी श्रेय चकलीचंच.)

तिसऱ्या खेपेला सोऱ्याच अडला. झाकणाचे आटे वाकडे बसले, झाकण ना पुढे जाईना ना मागे येईना. खालच्या मजल्यावरचे प्लंबरभाऊ भला थोरला पाना घेऊन आले. मी आपलं सहज म्हटलं, "सकाळपासून नुसता मोहनचा घोळ चाललाय हो." त्यांचा चेहरा बदलला. "कोण मोहन? त्रास देतो का? राहायला कुठे असतो तेवढं सांगा, ताई." मोहन म्हणजे पिठात घालायचं गरम तेल, हे मी समजावून सांगेपर्यंत त्यांनी असा झटका दिला, की सोऱ्याचा कानच निघून हातात आला. "पितळ जुनं होतं," म्हणाले. (पाइप फुटला की हेच म्हणतात.) जाताना तीन कडक चकल्या खिशात टाकून गेले. वॉशर म्हणून बसवणार असतील.

इथवर हसण्यावारी न्यायचं. पुढचं लिहायला जरा जड जातंय.

संध्याकाळी चिमणी खाली खेळायला गेली, तशी मी कोपऱ्यावरच्या दुकानातून अर्धा किलो चकल्या आणल्या. पिशवी कचऱ्याच्या डब्यात खाली दडपली. चकल्या आपल्या डब्यात भरल्या, आणि घरच्या वाटाव्यात म्हणून वरच्या दोन-तीन मुद्दाम मोडून ठेवल्या. लोकांच्या मापातली खोट काढणारी बाई मी! चिमणी आली, हात धुतले, एक चकली खाल्ली. डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, "छान झाल्यात, आई. अगदी आजीसारख्या."

खोटं बोलली याचं काही वाटलं नाही. इतक्या सफाईने बोलली, त्याने मात्र बसल्या जागी कसंतरीच झालं. नऊ वर्षांच्या पोरीला हे सवयीशिवाय जमत नाही. मग एकेक ध्यानात यायला लागलं. तुमच्याकडून आल्यावर "मजा आली?" विचारलं, की ती म्हणते, "हो, पण तुझी आठवण आली." तिकडे पोचल्यावर तुम्हाला काय म्हणत असेल, हे तुम्ही न सांगताही मी सांगू शकते. दोन्हीकडची मोठी माणसं दुखावू नयेत म्हणून ही एवढीशी पोर प्रत्येक वाक्य तोलून बोलते, आणि आपण म्हणतो, किती समजूतदार आहे नाही!

मी सांगून टाकलं, "दुकानातल्या आहेत गं."

"माहितेय. पिशवी दिसली." बराच वेळ ती डब्याच्या झाकणाशी चाळा करत बसली. मग म्हणाली, "आई, रागावणार नसशील तर सांगू? मला चकली आवडतच नाही. तिखट लागते. आजीचीपण. मला लाडू आवडतो. पण आजी माझ्यासाठी करते ना. आणि तूपण."

आम्ही हसलो. आधी ती, मागून मी. हसता हसता तिने माझ्या मांडीत डोकं घातलं आणि रडायला लागली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

असो. पत्र लांबलं. पट्टा बांधत जा.

आपली,
चिमणीची आई

ता. क. तुमची चकली तिला तिखट लागते, हे मी कळवलं असं तिला कळू देऊ नका. आणि वाईट वाटून घेऊ नका. मीही तुमच्याकडे सात सण 'छान झाल्यात' म्हणत आले. त्यातल्या पाच वेळा ते खरं होतं.

पुन्हा ता. क. मोहनाचं प्रमाण विचारायला हे पत्र लिहिलं, असं तुम्हाला वाटेल. मायना लिहिताना मलाही तसंच वाटत होतं. प्रमाण राहू द्या, तुम्हीच या. सण गुरुवारी आहे, बुधवारी सकाळीच या, लाडू करू. बेसन तुम्ही भाजा, वळायला आम्ही आहोत. तुम्ही आणि मी एकाच खोलीत असलो, म्हणजे दिवसभर तरी तिला कुणाला काय सांगायचं ते ठरवत बसावं लागणार नाही. चिरंजीवांना म्हणावं, फाटकाशी सोडा. वर आले तरी चहा मिळेल.

आणखी एक. राहायच्या तयारीने या. पलंग एकच आहे, पण रुंद आहे. चिमणीला सहज विचारलं, आजी आली तर कसं झोपायचं गं? तिने तीन उशा ओळीने मांडल्या आणि म्हणाली, "मी मध्ये. मला सवय आहे."